फोटोपुरती निरक्षर

दहाएक दिवसांपूर्वी शेजारची मीना मागायला आली. आमच्याकडे ती विरजण मागायला येते, शिडी मागायला येते, एकदा तर कुकरची शिट्टीही घेऊन गेली होती. या खेपेला तिनं मलाच मागितलं.

"चाची, दो घंटे के लिए आपको ले जाऊँ क्या? हमारी स्नेहा के फारम के लिए. एक फोटो खींचना है, जैसे तन्वी ने खींचा था."

मी सीताफळ खात होते. बी तोंडातच राहिली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोणी उसनं मागतं का? पण मीना अगदी सहज उभी होती, हातात वाटी असावी तशी. "सोचकर बताती हूँ बापा," म्हणत मी तिच्या पदरात दोन सीताफळं टाकली आणि तिला घरी पाठवलं. ती गेल्यावर बी थुंकली आणि मग लक्षात आलं, हंगाम आला की परत!

दसरा गेला की भिलाईची हवा एका सकाळी अचानक पातळ होते. भिलाईला चिकटलेल्या कुरुदच्या या टोकाला आम्ही घर बांधलं तेव्हा चारही बाजूंनी धान होतं. आता प्लॉटांच्या खुणेच्या दगडांमधून उरलेल्या भातशेताच्या दोन-चार बांध्याच पिवळ्या होतात, तरी वास अंगणापर्यंत येतो. तुळशीच्या पानांवर स्टील प्लांटकडची बारीक लालसर धूळ बसते. सकाळी ओल्या फडक्यानं पुसावी तर संध्याकाळी परत आहेच. कांकेरकडची सीताफळं टोपल्या भरभरून येतात. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले. पण आता याच दिवसांत आणखी एक पीक येतं, फॉर्मचं. ज्या घरी बारावीचं लेकरू असतं त्या घरातले लोक दिवाळीतही नीट हसत नाहीत. आणि ते पीक नेमकं कशावर पोसतं, खत कोणतं घालायचं, कापायचं कधी, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही. तेव्हा कोणी शहाणपणाच्या अपेक्षेनं वाचत असेल तर त्यानं इथेच थांबावं.

दोन वर्षांपूर्वी आमची तन्वी बारावीला होती. माझी नात, लेकाची लेक. पोट्टी अभ्यासात चांगली. मला वाटलं, चांगले नंबर येतील, चांगल्या कॉलेजात जाईल. यात गोंधळ कसला? पण माझी सून वर्षा एका संध्याकाळी फोन घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आई, आता नुसत्या नंबरांनी होत नाही. तिला जिथं जायचं आहे ना, तिथं येणाऱ्या सगळ्यांचेच नंबर चांगले असतात. मूठभर लेकरं घेतात. ते विचारतात, नंबर सोडून तुम्ही काय केलं?"

"सतरा वर्षांची आहे ती," मी म्हटलं. "वाढली."

वर्षानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

फॉर्ममध्ये दहा रकाने होते. एकेका रकान्यात तन्वीनं अभ्यासाशिवाय केलेली एकेक गोष्ट लिहायची. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, तेही. वर्षा ताटली घेऊन खाली बसली आणि आठवेल त्या गोष्टीसाठी सीताफळाची एक बी मांडू लागली. बुद्धिबळ, चौथीत मेडल मिळालं होतं, एक बी. कथ्थक, दोन वर्षं, मग गुडघा दुखतो म्हणून सोडलं, एक बी. शाळेच्या सफाई अभियानात झाडू धरला होता, एक बी. मग हात थांबला. त्या मोठ्या ताटलीत तीन काळ्या बिया इतक्या केविलवाण्या दिसत होत्या की मलाच चोरून दोनचार टाकाव्याशा वाटल्या.

"मम्मी, मी झोपते पण," तन्वी म्हणाली. "आठवड्याला साठ तास. डाल दूँ क्या?"

"तुले मस्करी सुचून राहिली?" वर्षा खेकसली.

"मस्करी नाही ना यार. मी खरंच काहीच नाही केलं. आता कळलं मला." ती हे हसत म्हणाली आणि उठून आत गेली. दार तिनं आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी हळू लावलं.

कोपऱ्यात आमचे हे बसले होते. यांनी उजवा हात वर करून मूठ घट्ट आवळली. याचा अर्थ, थांबा. प्लांटच्या शेडमध्ये कानठळ्या बसायच्या. तिथं वर क्रेनमध्ये बसलेल्या माणसाशी खालचा माणूस हातांनीच बोलतो. तळवा खाली करून हलवला की हळूच उतरव, बोट फिरवलं की उचल, मूठ आवळली की थांब. आमच्या यांचे कान त्या शेडनं नेले, पण हात राहिले. घरात आम्ही सगळे ती भाषा शिकलो; तन्वी तर बोलण्याआधी शिकली. जेवताना ती तळवा खाली हलवायची, म्हणजे आजोबा, हळू बोला, शेजारी ऐकून राहिले.

यांची मूठ मात्र त्या दिवशी कोणी पाहिली नाही.

मग दिल्लीची मॅडम आली. आली म्हणजे लॅपटॉपमध्ये आली. अशा कॉलेजांचे फॉर्म कसे भरायचे ते शिकवणारी. गोड आवाज, मागे पुस्तकांचं कपाट. ती सारखं विचारायची, "बच्ची की कहानी क्या है?" मी पडद्याआडून ऐकत होते. मला वाटलं, बाई, हिची गोष्ट अजून सुरूच झाली नाही, तुले शेवट कुठून देऊ? मॅडम म्हणाली, समाजासाठी काही केलेलं पाहिजे, आणि ते मनापासून केलेलं दिसलं पाहिजे. 'दिसलं' या शब्दावर तिनं जरा जोर दिला. मग तिनं विचारलं, मोहल्ल्यात कोणी न शिकलेले म्हातारे लोक आहेत का?

वर्षानं मान वळवली आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्याखालून माझी पावलं दिसत होती.

मी मॅट्रिक आहे. महिला मंडळाच्या कपाटातली पुस्तकं मी दोनदा वाचून काढली आहेत, आणि मंडळाच्या हस्तलिखिताचं संपादन अकरा वर्षं केलं आहे, ज्यात अर्ध्याहून अधिक कविता माझ्याच असत, वेगवेगळ्या नावांनी. तर अशी मी निरक्षर व्हायला तयार झाले. नाही कशाला म्हणू, मला मजा वाटली. शिवाय त्या ताटलीतल्या तीन बिया डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

"आई, चष्मा काढा. चष्म्यानं शिकलेल्या दिसता."

मी चष्मा काढला. केस जरा विस्कटले. पायपुसणं व्हायच्या रांगेत उभं असलेलं सुती लुगडं काढून नेसले. व्हरांड्यात तन्वी माझ्याजवळ बसली, मांडीवर नवी कोरी पाटी. आणि मी, नाटकाची हौस पुरी न झालेली बाई, पाटी उलटी धरली! वर्षा फोटो काढता काढता ओरडली, "आई, इतकं नको!" तन्वी इतकी हसली की तिला उचकी लागली. त्या उचकीच्या आधीचा फोटो चांगला आला. नात शिकवते आहे, आजी भक्तिभावानं बघते आहे. बघून मलाही वाटलं, बिचारी म्हातारी.

मग शिकणाऱ्या बाईचं पत्र हवं होतं. ते मी डाव्या हातानं लिहिलं. 'मले आता वाचता येते. तन्वी बाईचे उपकार.' वेलांट्या चुकवल्या, एक काना गाळला. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या बाईला मुद्दाम चुकायचं किती सुख असतं, ते त्या दिवशी कळलं.

या सगळ्यात मला राहून राहून हंस आठवत होते.

माझे वडील रेल्वेत गँगमन. भिलाई-तीन स्टेशनला रुळांच्या बाजूला आमच्या क्वार्टरांची रांग होती. सगळी नागपूरकडची माणसं. त्या रांगेत मॅटीच्या कापडाचा एक टेबलक्लॉथ होता, त्यावर चोचीला चोच लावलेले दोन हंस, बारीक क्रॉस टाक्यांत भरलेले. तो होता माझ्या मैत्रिणीच्या, कमलच्या थोरल्या बहिणीचा. पण रांगेत ज्या मुलीला पाहायला येणार, तिच्या घरी तो आदल्या दिवशी जायचा. मुलगी बदलायची, पोहे बदलायचे, हंस तेच. एका कोपऱ्यात चहाचा डाग पडला होता, त्यावर फ्लॉवरपॉट ठेवायची पद्धत होती. तो फ्लॉवरपॉट कोणाचा होता, देव जाणे. आम्हालाही रकाने होते की. भरतकाम येतं? विणकाम येतं? गाणं? आमचे तास आणि आठवडे कोणी विचारले नाहीत, एवढंच.

मला पाहायला आले त्या दिवशी मी त्या हंसांच्या बाजूला अशी बसले होते, जणू मीच त्यांना अंडी उबवून वाढवलं. काय तो थाट! नाक वर, नजर खाली. आज ती पोट्टी मला भेटली तर एक धपाटा घालीन. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "किती दिवस लागले वो एवढ्याले?" मी म्हटलं, "पंधरा." सुई धड धरता येत नव्हती. लग्नानंतर सासूबाईंनी लाडानं सांगितलं, रेडिओवर टाकायला अस्सेच हंस कर. वर्ष लागलं. एक बदक झालं, दुसरी कोंबडी. सासूबाईंनी ते रेडिओवर टाकलं आणि मरेपर्यंत काढलं नाही, आणि मरेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

आणि यांचं काय? मुलगा क्रेन चालवतो, असं सांगितलं होतं. लग्नानंतर कळलं, हे वर नाही, खाली आहेत. खालून हात दाखवणारे मदतनीस, खलाशी. क्रेनवर चढायला आणखी सहा वर्षं गेली. मी भांडले तर म्हणाले, "मी कमलले पाहाले गेलतो ना, तुह्या आधी. तेच हंस होते तिथं." मी गार. मग होकार कशाला दिला म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू चहा ठेवाले फ्लॉवरपॉट सरकवला. डाग दिसला. तू हसली."

आता सांगा, यात खोटं कोण बोललं, आणि कोणाशी? पन्नास वर्षं झाली, मला हिशेब लागत नाही. म्हणून तन्वीच्या वेळी मी स्वतःला समजावलं, हेच आहे हो. पोर दाखवायची वेळ आली की घरातलं थोडं, शेजारचं थोडं मांडावं लागतं. मी या घरातला टेबलक्लॉथ. डाग असला तर फ्लॉवरपॉट ठेवू.

एका दुपारी मॅडम मुलाखतीचा सराव घेत होती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मॅडमनं विचारलं, तुझ्या पहिल्या विद्यार्थिनीबद्दल सांग. तन्वी आधी अडखळली. मग बोलू लागली. इंग्रजीत बोलत होती, पण तेवढं मला कळतं. म्हणाली, "तिनं पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं ना, तेव्हा ती आनंदानं ओरडली वगैरे नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. खूप वेळ. जसं काही ते दुसऱ्या कोणाचं आहे."

मेथीची जुडी माझ्या हातातून परातीत पडली.

हे तिनं बनवलं होतं. त्या क्षणी, जागच्या जागी, माझ्या नातीनं एक म्हातारी बनवली. पण ती म्हातारी मी पाहिली होती.

मी सोळा वर्षांची. मॅट्रिकचा फॉर्म. पालकाची सही हवी होती आणि वडील लाइनवर कामाला गेलेले, आठ दिवस येणार नव्हते. उद्या फॉर्म द्यायचा. मायचा अंगठा चालला असता. रांगेतल्या किती मुलींच्या फॉर्मवर अंगठेच होते. पण मला बडी बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या पुढे तो निळा अंगठा न्यायचा नव्हता. मी वर्गात पहिली येणारी, ना! ट्रंकेवर फॉर्म ठेवला आणि मायची सही मीच केली. सोनाबाई. शेवटच्या ईला एक ऐटदार शेपूटही काढलं. किती हुशार! किती अक्कलवान! धपाट्यांची संख्या वाढवून ठेवा.

माय चुलीपासून उठून आली. ओले हात लुगड्याला पुसले.

"हे काय लिवलं वो?"

"तुही सही."

"माही सही अशी दिसते?"

ती वाकून बघत राहिली. खूप वेळ. बाहेरून मालगाडी गेली, सगळे डबे गेले, तरी बघत होती. मग म्हणाली, "मले शिकोशीन का? येवढंच. नावापुरतं."

आणि मी फॉर्मची घडी घालत म्हणाले, "आता कावून? मी मारून देते ना तुही."

ती हसली. "हो, तेही खरंच हाय," म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली. नंतर कधी तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी जिथं तिथं तिची सही मारून देत राहिले, त्या शेपटीसकट. तोवर ती सही इतकी तिची झाली होती की एकदा अंगठा लावला तर एका कारकुनानं विचारलं, सही करता येते ना तुम्हाला? मायनं माझ्याकडे बघितलं फक्त.

त्या मेथीच्या दुपारनंतर माझी मजा गेली. फोटोतल्या बाईशी माझं पटेना. पण पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या रकान्यावर टेकून उभं आहे असं सगळे म्हणत होते. मॅडम तर म्हणाली होती, हीच तिची कहाणी. मी कोण मधे बोलणारी?

फॉर्म पाठवायच्या दिवशी संध्याकाळी वर्षा दिवा लावत होती आणि तन्वी लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर आली. गोधडीत पाय घातले. पाय बर्फासारखे. पडद्यावर मी होते, पाटी घेऊन. ही बिनउचकीची.

"आजी, एकच सांग. ठेवू की काढू?"

"मले काय विचारतं? मॅडमले विचार."

"मॅडम तर ठेव म्हणते. मम्मी पण. तू बोल ना. फोटो तुझा आहे."

मला सांगायचं होतं, ठेव. खरंच सांगते, ओठावर आलं होतं. तिच्या ताटलीत तीनच बिया होत्या आणि चौथी मी होते. पण तोंड उघडलं तर हंस बाहेर पडले. मग माय. ट्रंक, फॉर्म, शेपूट, भाकरी, सगळं. तन्वी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग तू तिला का नाही शिकवलं?"

सत्तर वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "वेळ नव्हता," आणि ते इतकं खोटं वाजलं की आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही.

दारात आमचे हे उभे होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नसणार. तन्वीनं त्यांच्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे काय करू? यांनी तळवा खाली केला आणि हलवला. हळू. घाई नको. तन्वीनं खालच्या ओठावर दात रोवला, पडद्यावर कुठंतरी बोट ठेवलं आणि मी नाहीशी झाले. त्या जागी तिनं काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही. बराच वेळ टाइप करत होती. मधेच आजोबांसारखी मूठ आवळून बघत होती, बोट फिरवून बघत होती.

गोष्ट असती तर इथं मी लिहिलं असतं की खरेपणाचं फळ मिळालं. नाही मिळालं. जिथं जायचं तिनं ठरवलं होतं त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या एका कॉलेजनं घेतलं. तेही चांगलं आहे, लांब आहे, तिथं तिला मित्र आहेत आणि मेसमधल्या भाताच्या तक्रारी आहेत. पण जिथं जायचं होतं ते ते नव्हे. नकार आला त्या दिवशी वर्षा पापड लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "तो फोटो असता तर." एवढंच. पुढे काही महिने हे वाक्य आमच्या घरात शेपूट हलवत फिरत होतं. कोणी त्याला हाकलत नव्हतं. सून वाईट नाही माझी. तिला आपल्या लेकीसाठी जे वाटलं ते वाटलं. मलाही वाटायचं, सकाळी तुळस पुसताना हमखास. मी ते हंस पोटातच ठेवले असते तर? माझ्या मायचं राहून गेलेलं मी माझ्या नातीच्या फॉर्ममधून तर वसूल केलं नाही?

मीना येऊन गेल्यावर मी तन्वीला फोन लावला. मीना मला मागायला आली, हे सांगितलं. ती इतकी हसली की मला उचकीची वाट बघावी लागली.

"तू टेबलक्लॉथ झाली आजी! ऑफिशियली!"

"हस तू. पण मले सांग, तुले कधी वाटते का, ठेवाले पाहिजे होता?"

तिच्या मागे कोणीतरी ताटं आपटत होतं.

"कधी कधी वाटतं," ती म्हणाली. "खोटं नाही बोलणार. फिर लगता है, तिथं गेले असते तर सगळे विचारत राहिले असते, तुझ्या त्या दादीचं कसं चाललंय. आणि मी सांगत राहिले असते." मग म्हणाली, "मले नाही माहीत, आजी." मले म्हणाली. एरवी मला म्हणते.

फोन ठेवल्यावर मी मीनाच्या घरी गेले. नकार द्यायला गेले होते की होकार, ते शपथेवर सांगता येणार नाही. स्नेहा लॅपटॉपपुढे बसली होती. चेहरा ओळखीचा होता. नावानं नव्हे, रंगानं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तोच रंग होता. आणि अंगणात, भिंतीला टेकून, मीनाची सासू बसली होती. इतवारीन दाई. इकडे म्हाताऱ्या आईला दाई म्हणतात. कुरुदची मूळची बाई. आमचं घर उभं आहे ती बांधी एके काळी हिनं रोवली आहे. पायांपुढे सूप, सुपात नव्या धानाचे तांदूळ. मला एकदम काहीतरी लक्षात आलं आणि मी मीनाला विचारलं, "दाई को आता है क्या, लिखना-पढ़ना?"

"अम्मा को? कहाँ से आएगा चाची! अँगूठा लगाती है."

"फिर मुझे काहे के लिए ले जा रही है?"

मीना गोंधळली. खरंच गोंधळली, तिच्या मनातही आलं नव्हतं. "अम्मा शरमाती है," ती म्हणाली. "फोटो में अच्छी भी नहीं आएगी. आप को तो आदत है."

मला आदत आहे! मी हसू की रडू? घरात खरीखुरी बाई बसलेली आणि शेजारून अनुभवी मागवायची. पण मीनाला कोणत्या तोंडानं हसू? सोळाव्या वर्षी मी माझ्याच घरात बसलेल्या बाईला घडी घालून ठेवलं होतं.

मी दाईजवळ बसले. छत्तीसगढी मला मोडकी येते. म्हटलं, दाई, तुझी नात शिकवील, नाव लिहायला शीक. तिनं सूप पाखडणं थांबवलंच नाही.

"अब का करहूँ सीख के?"

आता कावून, आता कशाला. तेच, दुसऱ्या बोलीत, दुसऱ्या तोंडातून. फरक एवढाच की हे ती स्वतःलाच म्हणत होती. कोणीतरी आधी तिला म्हटलेलं असणार, आणि ते तिनं पाठ केलं असणार.

मी म्हटलं, "स्नेहा, मैं बैठूँगी. तुझे जैसा चाहिए वैसा. पर अकेली नहीं बैठूँगी. मेरे को अकेले में डर लगता है."

गेले आठ दिवस दुपारी आम्ही दोघी मीनाच्या अंगणात शाळेला बसतो. माझी ती जुनी पाटी मी घेऊन जाते, दाईला नवी आणली आहे. आणि दाईकडे बघताना मला कळलं, दोन वर्षांपूर्वी मी किती वाईट नट होते. ज्याला लिहिता येत नाही ते माणूस पाटी उलटी धरत नाही. ते ती दोन्ही हातांनी घट्ट धरतं, गरम भांडं धरावं तशी. खडूवर इतका जोर देतं की खडू तुटतो. आणि भक्तिभाव वगैरे चेहऱ्यावर काही नसतो, नुसता राग असतो.

इतवारीनचा इ मोठा वाईट. त्याची दोन वळणं, वर टोपी, खाली शेपूट. तीन दिवस दाईचा इ नाल्यासारखा वाहून जायचा. चौथ्या दिवशी तिनं पाटी खाली ठेवली आणि "नइ आवय मोला", मला नाही येत, म्हणून सूप ओढलं. स्नेहाचे डोळे भरले. तिच्या मनात काय होतं मला माहीत आहे. फॉर्म, तारीख, आणि जराशी आजीही. कोणतं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी ते विचारायची बाई नव्हे.

मी चष्मा काढून ठेवला. पाटी घेतली, जीभ बाहेर काढली, आणि जन्मात काढला नसेल इतका वाईट इ काढला. टोपी गायब, शेपूट उलट्या बाजूला. आणि गुरुजींना दाखवावा तसा दाईपुढे धरला.

ती वाकून बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. उरलेले चार दात दिसले.

"तोहू ला नइ आवय!" तुलाही येत नाही, ती म्हणाली, आणि तांदळाची पांढरी धूळ लागलेलं बोट तिनं माझ्या पाटीवर टेकवलं. आधी वर टोपी घातली. मग पोट. मग खाली आणून, दम खाऊन, शेपूट. नीट. बरोबर. माझ्या चुकलेल्या अक्षरावर तिचं बरोबर अक्षर.

स्नेहाचा हात फोनकडे गेला. दाईनं ते पाहिलं आणि एकदम आक्रसली, पदर कपाळावर ओढला.

आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि मूठ आवळली गेली. स्नेहाला ती भाषा येत नाही. पण थांबली.